अष्टपुत्र्यांचं इंग्लिश गाव

डॉ. श्रीरंग अष्टपुत्रे यांच्याइतका चालणारा माणूस मी पाहिला नाही, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. पेशंट गुंगीत जाईपर्यंत त्याच्याशी गोड बोलायचं आणि नंतर गप्प बसायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर फरक इतकाच पडला, की समोरचा गुंगीत गेला तरी ते बोलत राहायला लागले. विषय एकच. इंग्लंडमधली जुनी खेडी, ती पायी कशी बघायची असतात, आणि हे आमच्या लोकांना कसं मेलं तरी कळणार नाही.

'आपल्या लोकांना' असं ते कधी म्हणाले नाहीत. 'तुमच्या लोकांना' म्हणायचे. तुमची हॅरोची माणसं, तुमचे ते डबे, तुमचा तो आरडाओरडा. आम्ही हॅरो आणि स्टॅनमोरची दहा-बारा बिऱ्हाडं महिन्यातून एका रविवारी छोटी बस करून कुठेतरी चालायला जायचो, आणि आमचे हे मिरजेला अष्टपुत्र्यांबरोबर एकाच हॉस्टेलात राहिलेले, म्हणून आदल्या रात्री स्टॅनमोरला लेकीकडे मुक्कामाला येणारे अष्टपुत्रे आमचे गाइड. आम्ही कुणी त्यांना नेमलं नव्हतं. पहिल्याच रविवारी ते नकाशा घेऊन पुढे चालायला लागले आणि मग पुढेच राहिले.

डोक्यावर ट्वीडची टोपी, पँट मोज्यांत खोचलेली, आणि गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला घडीचा नकाशा. बस थांबली की आधी आमच्या पायांची तपासणी व्हायची. "वहिनी, हे बूट चालायचे नाहीत, हे दुकानात जायचे आहेत." मी म्हणायचे, दुकानातच घेतलेत डॉक्टर, मिळतात कुठे दुसरीकडे? ते हसायचे नाहीत. माझ्यासारख्या बाईच्या विनोदाला हसणं त्यांनी मिरज सोडतानाच बंद केलं असावं.

"हे हॅरो नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. मोठ्याने हसलं की, हे हॅरो नाही. गेट उघडं राहिलं की, हे हॅरो नाही. एखाद्या गवती छपराच्या घरासमोर उभं राहून आमच्यातल्या कुणी "हे केवढ्याला गेलं असेल हो?" असं विचारलं, की ते डोळेच मिटून घ्यायचे. आता आमच्या पुरुषांना ही खोड आहे, हे मला मान्य आहे. जुनं चर्च दिसलं तरी आधी त्याच्या मागच्या घराची किंमत फोनवर बघतात. पण माणसं चारचौघांत डोळे मिटून उभं राहण्याइतकं काही वाईट करत नव्हती.

समोरून कुणी गोरा माणूस कुत्र्याला घेऊन आला, की अष्टपुत्रे चार पावलं आधीच "मॉर्निंग!" म्हणायचे. तो "मॉर्निंग" म्हणायचा, न म्हणून सांगतो कुणाला. मग अष्टपुत्रे वळून आमच्याकडे बघायचे, आम्ही ऐकलं ना याची खात्री करायला. शेवटी शेवटी आमचे हे मागून हळूच म्हणायला लागले, "ऐकलं रे बाबा, ऐकलं."

आमचे डबे उघडले की ते वेगळ्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसायचे. त्यांचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि आत ते तपकिरी लोणचं. बटाटेवड्याच्या वासाने खेड्याचं वातावरण बिघडतं म्हणे. हेच गृहस्थ परत येताना बसमध्ये बसले, पडदे ओढले गेले, की हात मागे करायचे. बोलायचं काही नाही, मान वळवायची नाही, नुसता हात. त्यात उरलेले वडे कुणीतरी ठेवायचं. ते खाऊन झाले की रुमालाने बोटं पुसून खिडकीबाहेर बघत बसायचे. मला तर त्या हातावर एकदा नुसती मिरची ठेवायची होती, पण नलिनी शेजारी असायची, म्हणून गप्प बसले.

नलिनी त्यांची बायको. माझी मैत्रीण. ती डॉक्टर नव्हती, नोकरीही केली नाही, गाडी शिकली नाही, म्हणजे त्यांनी शिकवली नाही. मऊ बोलायची, पण आतून खंबीर बाई. नवऱ्याच्या या सगळ्या थाटाकडे ती मूल चिखलात खेळत असताना आई बघते तसं बघायची. आंघोळ घालायची वेळ आली की बघू.

चर्चची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता कळायचा नाही. एका पावसाळी रविवारी आम्ही एका फार जुन्या चर्चपाशी पोचलो. आम्ही बायकांनी सवयीने दाराशी बूट काढले आणि मोज्यांनी आत निघालो. अष्टपुत्रे तिथेच ओरडले, अर्थात दबक्या आवाजात, "काय चाललंय हे? हे मारुतीचं देऊळ नाही! घाला, घाला बूट!" आणि स्वतः तरातरा आत गेले. आत एक म्हातारी बाई फुलं मांडत होती. तिने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे दारापर्यंत उमटलेल्या चिखलाच्या पावलांकडे, आणि फार गोड आवाजात विचारलं, "वुड यू माइंड, डिअर?" दारावर पाटीही होती, वॉकर्सनी चिखलाचे बूट बाहेर काढावेत म्हणून. सगळं वाचणाऱ्या माणसाने तेवढी वाचली नव्हती. अष्टपुत्रे एका पायावर उड्या मारत बाहेर आले आणि आम्ही मोज्यांनी आत गेलो.

एवढ्यावर संपलं असतं तर मी विसरले असते. पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या चर्चपाशी त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, "बूट बाहेर काढायचे. इट्स अ लव्हली ओल्ड कंट्री कस्टम. तुमच्या लोकांना ठाऊक नसेल." नलिनी खाली वाकून लेस सोडत होती. तिचे खांदे हसण्याने हलत होते.

मग त्यांनी घर घेतलं. नेदर विलफर्ड नावाचं हॅम्पशायरमधलं खेडं, नदीच्या काठाला. नदी म्हणजे काय, आपल्याकडे ओढा म्हणतील, पण पाणी असं स्वच्छ की तळातला गोटान् गोटा दिसावा. खडूच्या डोंगरातून झिरपून येतं म्हणे. त्यात ट्राउट मासे, काठाला गवती छपरांची घरं, एक बंद पडलेली पाणचक्की, एक लहानसा दगडी पूल. गाव सुंदर आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. बोट जर ठेवायचं तर ते तिथे राहायला आलेल्या एका माणसावर.

गावात गेल्यावर श्रीरंगचे ते 'रे' झाले. नलिनीची त्यांनी परस्पर 'नेल' करून टाकली. दुकानातली बाई "हॅलो नेल" म्हणायची आणि नलिनी मागे वळून बघायची, ही नेल कोण आली म्हणून. घराचं दार इतकं ठेंगणं की रोज कपाळ आपटायचं, पण दार चारशे वर्षांचं, त्यामुळे दुखायचं नाही म्हणे. फोडणी घरात बंद. गवती छपराला वास बसतो आणि शेजारी काय म्हणतील. बागेच्या टोकाला एक शेड होती, कुदळ-फावडी ठेवायची. तिथे एका कॅम्पिंगच्या स्टोव्हवर ही बाई आमटीला फोडणी द्यायची आणि पातेलं झाकून बाग ओलांडून घरात आणायची. थंडीत, स्वेटरवर कोट घालून. मी एकदा तिच्याबरोबर गेले. मोहरी तडतडली तशी ती म्हणाली, "एवढाच आवाज ऐकू येतो गं दिवसभरात आपल्याकडचा."

बस दिवसातून दोन, त्याही शाळेच्या वेळेच्या. मराठी बोलायला फोन. घरात अष्टपुत्रे इंग्लिशच बोलायचे, सराव जाऊ नये म्हणून. पन्नास वर्षं या देशात काढून कसला सराव जाणार होता, ते त्यांनाच ठाऊक. गावातल्या सभेला, चर्चच्या जत्रेला, पबमधल्या क्विझला ते एकटे जायचे आणि सांगायचे, "नेल हॅज अ बिट ऑफ अ कोल्ड." तिला सर्दी नव्हती. तिने एकदा जत्रेत चटणीच्या बरण्या विकायला ठेवू का विचारलं होतं, तेव्हापासून तिला सर्दी झाली होती.

ती तक्रार करायची नाही. सकाळी नदीवर जाऊन बसायची. म्हणायची, "नदी चांगली आहे बिचारी. तिचं काय चुकलं?"

त्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक, केतकी, पहिलटकरीण होती. ती स्टॅनमोरला राहते, आमच्यापासून जवळच. मे महिन्यात दिवस भरणार होते. शेवटी शेवटी तिचं ब्लडप्रेशर वाढलं, हॉस्पिटलवाले दर दोन दिवसांनी बोलावून तपासायला लागले. केतकी इथे जन्मलेली, मराठी बोलते ते आम्हाला बरं वाटावं म्हणून. माझ्या स्वयंपाकघरात बसून रडकुंडीला आली. "मावशी, आई का नाही येतो? आय नीड हर. बाबाचं वॉक मोठी आहे का माझी बेबीपेक्षा?"

वॉकच मोठा होता. मे महिन्यातच गावाचा ओपन डे. त्या दिवशी बाहेरची माणसं येतात, जुनी घरं-बागा उघड्या ठेवतात आणि गावाचा इतिहास सांगत एक गाइड सगळ्यांना पायी फिरवतो. आधीचा गाइड थकला होता. नवा नेमायचा होता, आणि तो आपण व्हावं हे अष्टपुत्र्यांच्या आयुष्याचं ध्येय झालं होतं. हॉस्पिटलात कन्सल्टंट झाले तेव्हाही माणूस इतका हातघाईवर आला नसेल. जिल्ह्याची कमिटी ओपन डेच्या आधीच्या रविवारी त्यांचा वॉक बघायला येणार होती. गर्दी दिसली पाहिजे, म्हणून अचानक त्यांना आम्ही हॅरोची माणसं आठवलो. आणि नंतर कमिटीचा चहा त्यांच्या घरी, म्हणून बायको घरात पाहिजे, तिने केलेला केक पाहिजे.

"ओपन डे झाला की जा," ते तिला म्हणाले. "बाळ काही पळून जात नाही."

नलिनीने मला फोन केला. म्हणाली, "येताना एक नारळ आण. खण आण, हिरवा. तांदूळ आहेत माझ्याकडे, हळदकुंकू आहे. मला नदीची ओटी भरायची आहे. केतकी सुखरूप सुटू दे म्हणून. इतकी वर्षं हिच्या काठाला राहते, एकदा ओटी भरली नाही मी तिची. हे नको म्हणतात. सासूबाई असत्या तर कृष्णामाईची भरतात तशी पहिल्याच दिवशी भरली असती त्यांनी." अष्टपुत्रे मूळचे कराडचे. कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेला माणूस.

व्हॉट्सॲपवर आम्हाला सूचना आल्या. उग्र वासाचं काही आणू नये. साडीवर स्पोर्ट्स शूज घालू नयेत. प्रत्येक दारासमोर ग्रुप फोटो नको. घरांच्या किमती विचारू नयेत, हे दोनदा लिहिलं होतं. मी मुद्दाम साडी नेसले आणि तिच्यावर मॉलमधले बूट घातले. नारळ पर्समध्ये मावेना, म्हणून पाण्याच्या बाटल्यांच्या पिशवीत ठेवला.

वॉक चांगला झाला. इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. त्यांना माहिती होती आणि ती सांगताही येत होती. पाणचक्कीत काय दळलं जायचं, कोणत्या घराची भिंत वाकडी का, चर्चच्या आवारातलं ते झाड कुणी लावलं, सगळं. फक्त एक होतं, की सांगताना ते त्यातलेच एक व्हायचे. हजार वर्षांपूर्वी डेन लोकांनी केलेल्या हल्ल्याबद्दल "व्हेन द डेन्स अटॅक्ड अस," असं ते म्हणाले तेव्हा आमचे हे माझ्या कानात पुटपुटले, "तेव्हा हा कराडला नव्हता का?" कमिटीच्या बाई मात्र खूश होत्या. उंच, पिकलेल्या केसांच्या, हातात छत्री. गावाबाहेरच्या होत्या, त्यांनी नलिनीला कधी पाहिलंच नव्हतं. नेलला सर्दी असते, एवढंच त्यांच्या कानावर होतं.

शेवटचा टप्पा पुलावर. अष्टपुत्रे कठड्याला हात लावून पुलाची गोष्ट सांगायला लागले, आणि तेवढ्यात आम्ही तिघी-चौघी बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरलो. नलिनीने साडी नेसली होती, कितीतरी दिवसांनी. तिने बूट-मोजे काढले, निऱ्या खोचल्या आणि पाण्यात उतरली. पाणी बर्फासारखं गार. तिने "आई गं" केलं आणि हसली. मग तिने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, ओंजळीने तांदूळ सोडले. तांदूळ बघून बदकं चाल करून आली, तिने त्यांनाही एक ओंजळ टाकली. खण सोडला. मग नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावला, डोळे मिटले, ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण मला माहीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी सहसा रडत नाही.

नारळ पाण्यावर डुलत निघाला. पुलाखालून गेला, पलीकडे निघाला, आणि पलीकडे एक गृहस्थ कमरेपर्यंतची रबरी विजार घालून नदीच्या मधोमध उभा राहून ट्राउट धरत होता. तिथल्या नदीत मासे धरणं म्हणजे मोठं सोवळ्यातलं काम असतं. बोलायचंही नाही. नारळ सरळ त्याच्या दोरीत अडकला. त्यामागून हिरवा खण आला आणि त्याच्या पायाला गुंडाळला. त्यामागून बदकं. तो गृहस्थ जे ओरडला, ते मी लिहिणार नाही.

पुलावरची सगळी माणसं कठड्यावर वाकली. कमिटीच्या बाईंनी आधी नारळाकडे पाहिलं, मग खाली आमच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी विचारलं, "रे, आर दोज लेडीज विथ यू?"

नलिनी वर बघत होती. बोटांना कुंकू, पायऱ्यांशी बूट, गुडघ्यापर्यंत ओली. हसत होती. काम झालं होतं ना तिचं.

अष्टपुत्र्यांनी तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणाले, "नो, नो. नेव्हर सीन देम बिफोर. व्हिजिटर्स, आय शुड थिंक. फ्रॉम लंडन."

आवाज दबका नव्हता. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. शेजारचा म्हातारा जॉर्ज पुलावर होता, त्याला सगळं ठाऊक होतं. तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. आमचे हे टोपी काढून डोकं खाजवायला लागले. आणि अष्टपुत्रे पुढे निघाले, "शॅल वुई?" म्हणत, छत्रीवाल्या बाईंना आधी वाट देत. फार सभ्य माणूस.

मी फार माणसं पाहिली आहेत. भांडखोर पाहिली, चिकट पाहिली, बायकोवर हात उगारणारीही पाहिली. पण बायको लेकीसाठी नदीत उभी आहे आणि नवरा तिला ओळखत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्या माणसाची तेव्हा किळस आली. अजून गेलेली नाही.

नलिनी बाहेर आली. पदराने पाय पुसले, एकेक बोट पुसलं, सावकाश. मोजे घातले. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "लेस बांध गं जरा, माझे हात गारठलेत." मी बांधली. मग म्हणाली, "मी तुमच्याबरोबर येते."

"अगं, तुझं सामान? गोळ्या?"

"केतकीकडे आहेत माझ्या गोळ्या. तिने कधीच आणून ठेवल्यात."

घर तिथून दिसत होतं. ती तिकडे वळली नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसली. बस गावाबाहेर पडताना अष्टपुत्रे घराच्या फाटकात कमिटीला आत घेत होते. त्यांनी बसकडे बघून हात हलवला, गेली एकदाची ही हॅरोची माणसं, असा.

बस मोटरवेला लागली आणि नलिनीचा फोन वाजला. तिने स्पीकरवर घेतला की चुकून लागला ठाऊक नाही, पण आम्ही सगळ्यांनी ऐकलं. अष्टपुत्रे होते. आज मराठीत बोलत होते, कारण पलीकडे पाहुणे असणार. "अगं, आहेस कुठे? केक कापायची सुरी कुठे ठेवलीयस?"

नलिनी म्हणाली, "दुसऱ्या ड्रॉवरमध्ये," आणि फोन बंद केला.

 मागच्या सीटवरून कुणीतरी वड्यांचा डबा पुढे पाठवला. नलिनीने दोन खाल्ले.

पुढच्याच आठवड्यात केतकी सुटली. मुलगी. दोघी सुखरूप. नलिनीने बाळंतपण केलं, डिंकाचे लाडू केले, शेक-शेगडी जमेल तशी केली. नातीच्या अंगाला तेल लावताना ती गात असे, तिचा आवाज इतका चांगला आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. स्टॅनमोरच्या त्या घरात सकाळ-संध्याकाळ फोडणीचा वास असे आणि शेजारच्या गुजराती काकू वासावरून आज काय केलंय ते ओळखून दाखवत.

अष्टपुत्रे बारशाला आले. बाळाकडे पाहून म्हणाले, "व्हेरी अलर्ट." मग इथे पार्किंग कसं मिळत नाही ते पानं मांडली जाईपर्यंत सांगत होते आणि पुढच्या वर्षीच्या ओपन डेच्या मीटिंगसाठी जेवायच्या आधीच निघाले. कारण त्यांना नेमलं होतं ना. कमिटीला वॉक फार आवडला होता. नलिनीला ते दारात म्हणाले, "कधी येतेस?" ती म्हणाली, "बघू." त्यांनी आग्रह केला नाही. माफी मागायचा तर प्रश्नच नव्हता. आपण काही केलंय हे त्यांना कळलं होतं की नाही, याचीच मला शंका आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात. माझी नणंद पुण्याहून आली होती, तिला इंग्लंडमधलं खेडं बघायचं होतं. दुसरीकडे नेता आलं असतं. पण मला बघायचंच होतं.

ते पुलावर होते. छातीला गाइडचा बिल्ला, भोवती सात-आठ गोरी म्हातारी माणसं. आम्ही पाणचक्कीच्या बाजूने आलो, म्हणून त्यांना दिसलो नाही. ते गोष्ट सांगत होते. मला वाटलं, डेन लोकांची असेल. पण नाही. नारळाची होती. एकदा एक हिंदू बाई या नदीत उतरली, तिने नदीला कापड दिलं, धान्य दिलं, नारळ दिला, लेकीच्या बाळंतपणासाठी. भारतात नदी म्हणजे आई असते. त्या कोळ्याची फजिती त्यांनी छान रंगवून सांगितली. माणसं हसली. आणि मग ते म्हणाले, "अ ट्रूली ब्यूटिफुल सेरेमनी. वुई वेअर ऑनर्ड, रिअली." आम्हाला मान वाटला म्हणे. आम्हाला!

नणंद मला विचारायला लागली, काय म्हणतायत. मी तिला गप्प केलं.

गर्दीतल्या एका बुटक्या म्हातारीने विचारलं, "हू वॉज शी?"

तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले. टोपीखालचा चेहरा बराच वाळला होता. शर्टाची कॉलर इस्त्रीची नव्हती. मी मुद्दाम हलले नाही. दोन शब्दांचं उत्तर होतं, तेही त्यांच्या लाडक्या भाषेत. मला तो माणूस आवडत नाही, पण त्या क्षणी ते दोन शब्द त्यांनी उच्चारावेत असं मला मनापासून वाटलं.

"ओह, अ व्हिजिटर," ते म्हणाले.

"अँड डिड शी एव्हर कम बॅक?" म्हातारी काही सोडायला तयार नव्हती.

ते माझ्याकडेच बघत होते. "नॉट येट," म्हणाले. मग त्यांनी काठी उचलली आणि सगळ्यांना चर्चकडे घेऊन निघाले. जाताना दगड निसरडा आहे, जपून, असं प्रत्येकाला सांगत होते.

घरी येऊन मी नलिनीला फोन केला. सगळं सांगितलं, कॉलरसकट. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मागे बाळ कुरकुरत होतं, बादलीत नळ वाहत होता.

"व्हिजिटर म्हणाले?" तिने विचारलं.

"हो गं. आणि नॉट येट म्हणाले. माझ्याकडे बघून."

 मग नळ बंद केल्याचा आवाज आला.

"पुन्हा भेटले तर सांग त्यांना," ती म्हणाली, "पाहुणी आपल्या घरी गेली." आणि पाणी गार होतंय म्हणून तिने फोन ठेवला.